लस, भूक, शुगर आणि झोप: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. सिडको, पंचवटी, सातपूर या भागांतली माणसं माझ्याकडे येतात, आणि अधूनमधून मी पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर लसीकरणाला जातो. बाही वर सारता सारता लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लस म्हणजे शरीराला पाठवलेला निरोप. पुढचा सगळा माल शरीर स्वतः बनवतं, आणि तोही स्वतःच्याच शिध्यातून. घरात शिधा किती आहे, तो नीट वापरला जातोय का, यावर लस किती चांगली लागते हे बरंचसं ठरतं.

चयापचय म्हणजे नेमकं काय?

खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढणं, त्यातूनच नवं बांधणं आणि जुनं मोडणं, हे शरीरात अखंड चालणारं रासायनिक काम म्हणजे चयापचय. शब्दातच दोन्ही बाजू आहेत. चय म्हणजे जमवणं, अपचय म्हणजे मोडणं. पुष्कळांना वाटतं की याचा संबंध फक्त वजनाशी आहे. पण प्रतिकारशक्तीच्या पेशीही खातात, वाढतात, थकतात. त्यांचंही घर याच शिध्यावर चालतं.

दंडात जेमतेम अर्धा मिली औषध जातं. त्यासाठी शरीराला इतकी ताकद कशाला लागते?

लसीत जंतूचा एखादा अंश असतो, मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू असतो, किंवा तो अंश बनवण्याची कृती असते. दंडातून हा निरोप काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे प्रतिकारपेशींच्या छोट्या ठाण्यांपर्यंत जातो. काही जणांना लसीनंतर काखेत गाठ आल्यासारखं दुखतं, ते यामुळेच. त्या ग्रंथीत नेमका तोच जंतू ओळखणाऱ्या पेशी अगदी थोड्या असतात, लाखात एखादी. ओळख पटली की ती पेशी जागी होते आणि दिवसातून दोन-तीनदा दुभंगू लागते. आठवड्याभरात एकीच्या हजारो होतात. प्रत्येक नव्या पेशीला आवरण हवं, प्रथिनं हवीत, जनुकांची नवी प्रत हवी. सिंहस्थाच्या पर्वणीला गोदाघाटावर जशी माणसांची, पाण्याची, जेवणाची व्यवस्था एका रात्रीत कित्येक पटींनी वाढवावी लागते, तशी त्या इवल्याशा ग्रंथीत धावपळ उडते.

झोपलेली पेशी साखर हळूहळू, ऑक्सिजन वापरून पूर्ण जाळते. एका ग्लुकोजमधून तिला उर्जेचे सुमारे ३० एकक मिळतात. जागी झालेली पेशी मात्र साखर भराभर अर्धवट फोडते. त्या वाटेने तिला फक्त २ एकक मिळतात. ही उधळपट्टी वाटेल. पण अर्धवट फुटलेल्या साखरेचे तुकडेच नव्या पेशी बांधायला कच्चा माल म्हणून लागतात. द्राक्षाच्या रसात यीस्ट साखर फोडतं आणि वाइन होते, त्याच्याशी ही वाट बरीच जुळते. फक्त आपल्या पेशींत शेवटी अल्कोहोलऐवजी लॅक्टेट तयार होतं. कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही हीच वाट धरतात, हे ऑटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं होतं. त्याला १९३१ साली पेशींच्या श्वसनावरील संशोधनासाठी नोबेल मिळालं. निरोगी माणसाच्या प्रतिकारपेशीही गरजेला ही युक्ती वापरतात, हे पुढे कळलं.

यातल्या काही पेशी अँटिबॉडी बनवणारे कारखाने होतात. असा एक कारखाना सेकंदाला हजारो अँटिबॉडी बाहेर टाकतो. अँटिबॉडी म्हणजे जंतूला चिकटून त्याला रोखणारं प्रथिन, आणि त्यावर साखरेचे छोटे गुच्छ बसवलेले असतात. या पेशी जी साखर ओढून घेतात, तिचा मोठा वाटा ते गुच्छ बसवण्यात जातो.

धामधूम संपली की बहुतेक पेशी मरतात आणि थोड्या स्मृतिपेशी उरतात. त्यांचा कारभार पुन्हा संथ होतो. त्या मुख्यतः चरबी जाळून, कमी खर्चात वर्षानुवर्षं टिकतात. निफाडकडचा शेतकरी बियाण्याचा कांदा चाळीत निगुतीने राखून ठेवतो, तशी शरीराने राखलेली ही बेगमी. पुढे खरा जंतू आला की याच पेशी कामाला येतात.

लस घेतली आणि ताप आला, अंग मोडून आलं, जेवण जाईना. हे चांगलं की वाईट?

बहुतेक वेळा हा शरीर कामाला लागल्याचा परिणाम असतो. प्रतिकारपेशी जे संदेश सोडतात ते मेंदूपर्यंत जातात. मेंदू तापमान वाढवतो, भूक कमी करतो आणि माणसाला आडवं व्हायला लावतो. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं तर ऊर्जेचा खर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो. म्हणून दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटतं. दोन दिवसांत हे ओसरतं. पेज, मऊ खिचडी, ताक, भरपूर पाणी एवढं पुरतं. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा सुस्त पडलं, तर वाट न पाहता दाखवा.

मला तर काहीच झालं नाही. म्हणजे लस लागलीच नाही का?

असं मुळीच नाही. ताप न येता उत्तम अँटिबॉडी तयार झालेली माणसं भरपूर आहेत. तापावरून लस लागली की नाही हे ओळखता येत नाही. शेजारच्या काकूंना ताप आला आणि आपल्याला आला नाही, यावरून मनाला लावून घेऊ नका.

ताप येऊ नये म्हणून लसीआधीच पॅरासिटामॉल दिली तर?

आधीच देऊ नका. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बाळांना लसीच्या वेळीच, ताप येण्याआधी पॅरासिटामॉल दिली होती. त्यांच्यात काही लसींच्या अँटिबॉडी कमी आढळल्या. ताप आल्यावर, बाळ किरकिरं झाल्यावर, वजनानुसार सांगितलेला डोस जरूर द्या. लेकरू तापाने फणफणत असताना औषध न देता बसून राहण्यात काही शहाणपणा नाही.

मला मधुमेह आहे, शुगर सध्या २५० च्या आसपास. आधी शुगर खाली आणू आणि मग लस घेऊ का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगतो. माझं उत्तर आहे, लस आज घ्या आणि शुगर आजपासून खाली आणायला लागा. दोन्ही कामं बरोबर चालू शकतात.

शुगर सतत जास्त राहिली की प्रतिकारपेशींचं काम बिघडतं. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. इन्सुलिनचा इशारा नीट न पोहोचल्यामुळे पेशींना साखर योग्य प्रमाणात वापरता येत नाही. म्हणजे कोठार भरलेलं, पण चूल नीट पेटत नाही. शिवाय शरीरात बारीक सूज कायम धुमसत राहते आणि त्या गोंधळात लसीचा निरोप स्पष्ट ऐकू येत नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीत हे ठळक दिसतं. मधुमेही लोकांत पुरेशा अँटिबॉडी तयार होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी असतं. फ्लूच्या लसीचं चित्र त्यामानाने चांगलं आहे. तिथे मधुमेही लोकही बऱ्याच अभ्यासांत इतरांच्या बरोबरीने प्रतिसाद देतात. कोविडच्या लसींबाबतही शुगर आटोक्यात नसलेल्यांच्या अँटिबॉडी कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं.

मग शुगर उतरेपर्यंत थांबण्यात काय चूक आहे? एक तर ती उतरायला महिने लागतात, आणि तेवढ्या काळात फ्लू किंवा न्यूमोनिया झाला तर तो मधुमेही माणसाला फार जड जातो. दुसरं, प्रतिसाद थोडा कमी असला तरी तो शून्य नसतो. शुगर अमुक आकड्यावर असेल तर लस देऊ नये, अशी कुठलीही सीमारेषा नाही. माणूस खरोखर आजारी असेल, उलट्या, धाप, किटोन (चरबी जाळल्यावर उरणारी आम्लं) वाढलेले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी तो आजार सांभाळायचा.

लसीनंतर दोन-तीन दिवस शुगर थोडी वर जाऊ शकते, तेव्हा घरच्या मशीनवर जरा जास्त वेळा तपासा. जेवण कमी गेलं म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुम्ही डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेत असाल आणि उलट्यांमुळे अन्न पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन दंडात घेत असाल तर लस दुसऱ्या दंडात घ्या. मधुमेहींनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस बीबद्दलही डॉक्टरांशी बोलावं.

लसीमुळे मधुमेह होतो का?

नाही. बालपणीच्या लसी आणि टाइप १ मधुमेह यांचा संबंध शोधण्यासाठी डेन्मार्कमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००४ साली तो अभ्यास छापून आला आणि त्यात असा संबंध आढळला नाही.

वजन जास्त असेल तर लस कमी लागते हे खरं का?

काही लसींबाबत खरं आहे. हिपॅटायटिस बीची लस घेतलेल्या लठ्ठ व्यक्तींत अँटिबॉडी कमी तयार होतात, हे १९८० च्या दशकातच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात दिसलं होतं. फ्लूच्या बाबतीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळीच गोष्ट टिपली. लठ्ठ लोकांत लसीनंतर महिनाभराने अँटिबॉडी चांगल्या दिसतात, पण वर्षभरात त्या जास्त वेगाने उतरतात. त्यांच्या टी पेशीही, म्हणजे जंतू शिरलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या प्रतिकारपेशी, कमी जोमाने लढतात. २०१७ साली त्यांनी मांडलं की लस घेऊनही लठ्ठ प्रौढांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट होता.

चरबी हा नुसता साठा नाही, ती संप्रेरकं सोडणारं इंद्रिय आहे. तिच्यातून लेप्टिन नावाचं संप्रेरक येतं. ते भुकेवर लगाम ठेवतं आणि टी पेशींनाही चेतवतं. चरबी फार वाढली की लेप्टिन सतत जास्त राहतं आणि पेशी त्याला दाद देईनाशा होतात. रोज आरडाओरडा करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, तसंच.

सुईचा मुद्दाही सांगायला हवा, कारण तो आपल्या हातातला आहे. बऱ्याचशा लसी स्नायूत जायला हव्यात. चरबीत अडकल्या तर नीट उचलल्या जात नाहीत. मोठ्यांना साधारण एक इंचाची सुई पुरते. पण ९० किलोपेक्षा जास्त वजनाच्या स्त्रियांना आणि ११८ किलोपेक्षा जास्त वजनाच्या पुरुषांना दीड इंचाची सुई वापरावी, अशी शिफारस आहे. आणि "डॉक्टर, हात दुखतो, कमरेत द्या" असं म्हणू नका. हिपॅटायटिस बी आणि रेबीज या लसी कमरेत दिल्या की तिथल्या चरबीमुळे परिणाम घटतो. माझ्याकडे आलेल्या एका सत्तरीच्या आजोबांनी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस दुसरीकडे कुठेतरी कमरेत घेतले होते. डायलिसिस सुरू व्हायच्या वेळी रक्त तपासलं, तर अँटिबॉडी नावालाही नव्हत्या. त्यांनी पैसे भरले होते, तीन खेपा घातल्या होत्या. मला ते फार लागलं. दंडात पुन्हा सगळे डोस दिले.

आम्ही तर सडपातळ आहोत. आम्हाला याची काळजी नको ना?

काटा पाहून निश्चिंत होऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, आणि ही गोष्ट जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या गावांतली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. म्हणून आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की सावध व्हायचं. पोटाचा घेर मोजा. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी ठेवण असेल तर शुगर तपासून घ्या.

बाळ खूप अशक्त आहे, कुपोषित म्हणून सांगितलंय. लस झेपेल का?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत आया हे विचारतात, आणि त्या विचारण्यामागची भीती मला समजते. एका पाड्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर सत्र चालू होतं. आशाताईंनी एका दहा महिन्यांच्या मुलीच्या दंडाभोवती मापाची पट्टी ओढली. खाचेत लाल रंग आला. म्हणजे घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, तीव्र कुपोषण. आई नागलीची भाकर दुधात कुस्करून मुलीला भरवत होती, मुलगी तोंड फिरवत होती. आई म्हणाली, "आधी जरा बाळसं धरू द्या, मग सुई टोचा."

मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगतो. उपासमारीत लेप्टिन खाली जातं, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते आणि टी पेशी घटतात. उपाशी उंदरांना लेप्टिन दिल्यावर त्यांची प्रतिकारशक्ती सावरली, असं १९९८ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. पण कुपोषित मुलं इंजेक्शनच्या बहुतेक लसींना पुरेसा प्रतिसाद देतात. आणि ज्या आजारांपासून लस वाचवते, ते याच मुलांना सर्वांत जास्त मारतात. गोवर धडधाकट मुलाला आठवडाभर लोळवतो, लाल पट्टीच्या मुलाचा जीव घेतो. म्हणून कुपोषण हे लस लांबवण्याचं कारण नाही, लस वेळेवर देण्याचं कारण आहे. त्याच दिवशी त्या मुलीला लस दिली आणि पोषण पुनर्वसन केंद्रात जायची चिठ्ठीही दिली. तिथे मिळणारा आहार आणि लस, दोन्ही लागतातच.

पोलिओचे थेंब इतक्या वेळा का देतात? परदेशात तर कमी डोस पुरतात.

याचं उत्तर आतड्यात आहे. गढूळ पाणी, वारंवार जुलाब, उघडी गटारं यांमुळे लहान मुलांच्या आतड्याचं अस्तर सुजतं, चपटं होतं. दिसायला मूल ठीक असतं, पण अन्नही नीट शोषलं जात नाही आणि तोंडावाटे दिलेली लसही नीट लागत नाही. वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की भारतीय बाळांत पोलिओचे थेंब श्रीमंत देशांइतके लागू पडत नाहीत, जास्त डोस लागतात. ते ऐकलं गेलं. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण नाही, आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

रोटाव्हायरसच्या लसीचंही तसंच. भारतात बनलेल्या पहिल्या रोटा लसीने चाचणीत तीव्र जुलाबांपासून पहिल्या वर्षी सुमारे ५५ टक्के संरक्षण दिलं. श्रीमंत देशांत रोटा लसींचं हे प्रमाण बरंच जास्त असतं. तरीही आपल्याकडे जुलाबाने दगावणारी बाळं इतकी आहेत की एवढ्या संरक्षणानेही पुष्कळ जीव वाचतात. आणि हो, पाणी उकळून द्या, हात साबणाने धुवा. लसीची ताकद वाढवण्याचा तोही एक मार्ग आहे.

गोवराच्या लसीबरोबर ते गोड औषध पाजतात, ते कशासाठी?

ते अ जीवनसत्त्व. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत. डोळे, आतड्याचं आणि श्वासनलिकेचं अस्तर, प्रतिकारपेशी, सगळ्यांना ते लागतं. गोवर शरीरातला अ जीवनसत्त्वाचा साठा ओरबाडून नेतो. २०२२ च्या अखेरीस मालेगावात आणि मुंबई-भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा रुग्ण मुलांना हेच डोस द्यावे लागले.

गोवराची आणखी एक खोड पुष्कळांना माहीत नाही. तो आधी कमावलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतो. लस न घेतलेल्या मुलांवरच्या २०१९ च्या अभ्यासात, गोवर होऊन गेल्यावर त्यांच्या इतर आजारांविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. चाळीतला राखलेला कांदा एका रात्रीत नासावा, तसं. म्हणून "गोवर येऊन गेलेला बरा" हे घरातल्या मोठ्यांनी म्हटलं तर त्यांना हे प्रेमाने समजावून सांगा.

उपवास चालू आहे. लस चालेल का?

चालेल. एका दिवसाच्या एकादशीने लसीचं काही बिघडत नाही. अडचण येते ती चक्कर येण्याची. निर्जळी उपवासात रांगेत उभं राहून सुई टोचून घेतली की तरुण मुलंसुद्धा कोसळतात. पाणी पिऊन या, लसीनंतर १५ ते ३० मिनिटं बसून राहा. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या साबुदाण्यावर आणि बटाट्यावर राहणाऱ्यांनी शेंगदाणे, दूध, दही, राजगिरा वाढवावा, कारण अँटिबॉडी प्रथिनांच्याच बनतात. रमजानच्या रोज्यात दंडातलं इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटत नाही, असं अनेक उलेमांनी सांगितलं आहे. कमजोरी वाटत असेल तर इफ्तारनंतरची वेळ घ्या. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधीच डॉक्टरांशी बोला.

लस चांगली लागावी म्हणून काय खावं? काढा, हळद-दूध, व्हिटॅमिनच्या गोळ्या?

आठवडाभरात ढकलून खाऊन काही साधत नाही. रोजच्या ताटात वरण, उसळ, मटकी, अंडं, मासे, दूध-दही यांपैकी काही ना काही दोन्ही वेळा हवं. मिसळीतली मटकी चांगली, वरचा तर्रीचा थर आणि पाव मात्र बेताने. हळद-दूध आवडत असेल तर जरूर घ्या, पण त्याने अँटिबॉडी वाढतात असा पुरावा नाही. डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन कोविड लसीचा परिणाम वाढतो का, हे ब्रिटनमध्ये नीट तपासलं गेलं. वाढला नाही. कमतरता असेल तर गोळी हाडांसाठी घ्या. झिंक जुलाबात मुलांना उपयोगी आहे, लसीसाठी म्हणून विकत घेऊ नका.

अंबडला नाइट शिफ्ट करून थेट लस घ्यायला आलो तर?

लस मिळते आहे तर घ्या. मात्र जमलं तर आधीचे आणि नंतरचे दोन-तीन दिवस झोप राखा. २००२ च्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना काही रात्री चारच तास झोपू दिलं आणि मध्येच फ्लूची लस दिली. दहा दिवसांनी त्यांच्या अँटिबॉडी पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होत्या. तीन-चार आठवड्यांत फरक भरून निघाला, हा दिलासा. पण सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत हिपॅटायटिस बीची लस कमी प्रमाणात लागली, असंही दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. झोपेत शरीर साखर आणि संप्रेरकं वेगळ्या पद्धतीने वापरतं, प्रतिकारपेशी ग्रंथींकडे परततात. शिफ्टच्या कामगारांना मी सांगतो, आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घ्या.

सकाळी घेतलेली लस जास्त लागते म्हणे?

बर्मिंगहॅममध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांना फ्लूची लस काहींना सकाळी ९ ते ११ आणि काहींना दुपारी ३ ते ५ मध्ये दिली. काही विषाणू-प्रकारांविरुद्ध सकाळच्या गटात अँटिबॉडी जास्त वाढल्या. घरातल्या ज्येष्ठांना सकाळी नेणं सोयीचं असेल तर न्या. दुपारीच वेळ मिळत असेल तर दुपारी न्या.

दारू, सिगारेट?

दोन्हींनी हिपॅटायटिस बीची लस कमी लागते. रोज पिणाऱ्याचं यकृत आधीच थकलेलं असतं, आणि चयापचयाचं मुख्य स्वयंपाकघर यकृतच आहे. लसीनंतर दोन-तीन दिवस तरी पिऊ नका, आणि सोडायचीच असेल तर सांगा, मदत करू.

अँटिबायोटिक चालू असताना लस?

घेता येते. पण सर्दी झाली की मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून खायची सवय मोडायला आणखी एक कारण सापडलं आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी निरोगी लोकांना पाच दिवस तगडी अँटिबायोटिकं देऊन फ्लूची लस दिली. आतड्यातले जंतू दहा हजार पटींनी घटले. चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्ताम्लाचे जे विशिष्ट प्रकार जंतू बनवतात, तेही खूप कमी झाले. ज्यांच्यात फ्लूविरुद्धची आधीची प्रतिकारशक्ती थोडी होती, त्यांच्यात एका प्रकारच्या फ्लूविरुद्धचा प्रतिसाद मंदावला. पोटातले जंतू आपलं चयापचय चालवतात आणि त्या वाटेने लसीलाही हात लावतात, हे मला आजही नवलाचं वाटतं.

थायरॉइडची गोळी चालू आहे.

गोळी चालू ठेवा, लस घ्या.

स्टिरॉइड चालू असेल तर?

आधी सांगा. मोठ्या डोसची स्टिरॉइडं दोन आठवडे किंवा जास्त चालू असतील तर जिवंत जंतूंच्या लसी थांबवाव्या लागतात. बाकीच्या लसी देता येतात, पण त्या कमी लागू शकतात.

लस मला लागेल की नाही, हे रक्त तपासून आधी सांगता येतं का?

त्या दिशेने शास्त्रज्ञ काम करत आहेत. पिवळ्या तापाची लस जगातल्या सर्वांत यशस्वी लसींपैकी एक आहे, तिचा एक डोस बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. तिच्या शोधासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल मिळालं. बाली पुलेंद्रन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लस घेतलेल्यांचं रक्त तपासलं. पहिल्या आठवड्यातच काही जनुकं जागी होताना दिसली, आणि त्यांवरून टी पेशींचा प्रतिसाद किती तगडा असेल हे सांगता आलं. त्यातलं एक जनुक पेशीतल्या अमिनो आम्लांच्या टंचाईची सूचना देणारं होतं. म्हणजे पेशीला शिधा संपल्याचा इशारा देणारी घंटाच लसीची ताकद सांगत होती. पुढे २०१७ साली नागिणीच्या लसीच्या अभ्यासात, लसीनंतरच्या दिवसांत रक्तातल्या चरबीच्या आणि इतर रेणूंत होणारे बदल प्रतिसादाशी जुळतात, असं दिसलं. रोजच्या लॅबमध्ये मात्र अशी टेस्ट अजून नाही.

मग लसीनंतर अँटिबॉडी टेस्ट करून घेऊ का?

सगळ्यांनी करायची गरज नाही. हिपॅटायटिस बीसाठी मात्र दवाखान्यात काम करणारे, डायलिसिसवरचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी तपासावी. आकडा १० किंवा जास्त असेल तर निश्चिंत राहा. कमी असेल तर पुन्हा डोस देता येतात, आणि बऱ्याच जणांना ते लागू पडतात. गोवर, डांग्या खोकला यांसाठी घरच्या घरी टेस्टचे पैसे घालवू नका. अँटिबॉडी उतरल्या तरी स्मृतिपेशी शिल्लक असतात.

बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण उठला नाही. पुन्हा द्यायची का?

नको. व्रण नसला तरी पुन्हा देत नाहीत. बीसीजीबद्दल एक सुंदर गोष्ट कळली आहे. जंतू पाहताक्षणी लढणाऱ्या, स्मृती नसलेल्या मानल्या जाणाऱ्या पेशींनाही ती तालीम देते, आणि त्या तालमीत पेशी साखर जाळायची आपली पद्धत बदलतात. नेदरलँड्समधल्या मिहाई नेटिया यांच्या गटाने यावर बरंच काम केलं आहे.

मध्ये बाळ आजारी पडलं, आम्ही शेतावर गेलो, डोस चुकला. आता पुन्हा पहिल्यापासून?

पहिल्यापासून करायची गरज बहुतेक लसींना लागत नाही. जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करायचं. स्मृतिपेशी वाट पाहत असतात. द्राक्षाच्या छाटणीला, कांदा काढणीला, ऊसतोडीला महिनोन् महिने बाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी जिथे असाल तिथल्या आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना गाठा. गाव वेगळं असलं तरी लस मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. कार्ड हरवलं असेल तरीही या. बाळाला शेवटची सुई कोणत्या सणाच्या सुमारास टोचली, मांडीत की दंडात, तोंडात थेंब टाकले होते का, एवढं आठवलं तरी सिस्टर हिशेब जुळवून देतात.